पहिल्या टोपातले बिरडे

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
झटपट अन्नपदार्थ कारखाना,
वागळे इस्टेट, ठाणे.

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

विषय : माझ्याच हाताच्या मापांची वही तासभर पाहायला मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले दोन नकार.

महोदय,

मी शेवंती महिपत भोईर, राहणार कोलशेत गाव. पूर्वी आपल्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होते. माझे वालाचे बिरडे तेव्हाच्या मोठ्या साहेबांना आवडले आणि गरम पाणी ओतून पाच मिनिटांत होणारे पाकीट काढायचे ठरले. त्यासाठी प्रयोगशाळेच्या शिवानीताईंनी तीन महिने माझ्या हाताखाली वजनकाटा धरला. चिमूट आधी काट्यावर, मग टोपात. सगळे वहीत उतरवले. पुढे सुकवल्यावर खोबरे खवट होते म्हणून ते वगळले, आणि चव ठरली ती ठरलीच.

तेव्हापासून आठ वर्षे मी रोज त्या ठरल्या मापाने एक टोप शिजवते व पाकिटांची चव त्याच्याशी ताडून पाहतात. हे बिरडे घरी करणार नाही, अशी सही मी दिली होती.

माझी मुलगी कल्पिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिला अन्न जात नाही, फक्त माझ्या हातचे बिरडे मागते. घरी करायची तोंडी परवानगी मागितली तर आपण पाकिटांचा खोका पाठवलात. खोटे कशाला सांगू, गेल्या महिन्यात एका रविवारी मी सही मोडली. वाल मोड आणून सोलले, नारळ खवला. घरात काटा नाही, तरी हात बरोबर ठरल्या मापावर थांबला आणि खोबरे घालायचे राहूनच गेले. कल्पिता एक घास खाऊन म्हणाली, "आई, पाकीट फोडलंस का गं?" मी मोरीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी खोबरे घातले, तर भलतेच लागले. माझा अंदाज गेला आहे, साहेब. तो आता फक्त त्या वहीत आहे.

आपण कळवता, वही गोपनीय असून कृती ठाऊक असणाऱ्यांनाच दाखवता येते. ठाऊक आहे असे लिहिले, तर "मग वहीची गरज काय" असा शेरा आला. ठाऊक नाही असे लिहिले, तर मी बाहेरची ठरले. मी जाऊ तरी कुठे?

वही हातात देऊ नका. शिवानीताईंनी पहिल्या टोपाचे, खोबरे वगळण्याआधीचे, पान नुसते वाचून दाखवले तरी पुरे. घाईचे कारण असे, की काल मी निरुपायाने पाकीटच फोडले आणि माझे म्हणून वाढले. कल्पिताने वाटी चाटूनपुसून संपवली. "हां, आता जमलं. अस्संच करायचीस तू," म्हणाली. मला बरे वाटावे म्हणून म्हणाली, की खरेच विसरली, हे तिला विचारायचा मला धीर होत नाही.

आपली आज्ञाधारक, एवढ्याच बाबतीत हट्टी,
शेवंती महिपत भोईर

सोबत : आपल्या दोन्ही नकारांच्या प्रती.