उलटी मुरड

गोरखपूर, जबलपूर
२९ डिसेंबर २०२४

ती. मरिया मावशीस,
प्रभूच्या नावात अनुपमचा सलाम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचायला तू तयार नाहीस, म्हणून आई तुला दर महिन्याला पत्र लिहायची. सप्टेंबरात ती गेली आणि तू ते काम माझ्या गळ्यात घातलंस. माझं मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेलं, तेव्हा चुका पोटात घाल.

यंदा नाताळाला दारावर तारा लावला नाही, फराळही केला नाही. प्रणोतीने कढई माळ्यावरून काढलीच नाही. चर्चला गेलो, आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, घरी येऊन खिचडी खाल्ली. फॅक्टरीचे फोरमन आणि मंडळीचे पंच म्हणून ज्यांच्या आवाजाला लोक दचकायचे, ते बाबा आता दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप.

परवा शेजारच्या पूर्णिमादीदी आल्या. हातात आईचं स्टीलचं ताट, काठावर तिचं नाव कोरलेलं, 'मार्था दे. साळवे', आणि ताटात साखर. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, हे आईनेच या गल्लीला शिकवलं. दीदी म्हणाल्या की आंटींच्याच हातची चव होती, तीच चिरोंजी, म्हणजे आपली चारोळी, तेच जायफळ. आणि सूनबाईंनी सासूची हातोटी उचलली म्हणून प्रणोतीचं कौतुक केलं. प्रणोतीने साखर काढून घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मावशी, आम्ही कुणाकडे करंज्या पाठवल्याच नव्हत्या.

काल आणखी ताटं आली, सगळ्यांचं सांगणं एकच. दुपारची झोप झाल्यावर दार उघडलं तर ओट्यावर ताट होतं, आईच्या क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं. बाबांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले की तुझ्या आईने पाठवल्या. बाबा खोटं बोलत नाहीत, तुला माहीत आहे.

मग तांदळाच्या डब्यामागे प्रणोतीला एक डबा सापडला. त्यात काही करंज्या उरल्या होत्या. तिने एक उचलली, उजेडात धरली आणि तशीच खाली ठेवली. करंजी आईचीच होती, पण मुरड उलटी. आईची मुरड डावीकडून उजवीकडे पडायची, ही उजवीकडून डावीकडे, आरशात पाहावी तशी. प्रणोतीची आजी नागपूरकडची, ती म्हणायची की मेलेली माणसं परत आली तर त्यांचे पाय उलटे असतात. आपण ख्रिस्ती माणसं, असलं काही मानत नाही. पण मी करंजी खाल्ली नाही.

मावशी, काय समजायचं ते कळव. लोभ आहेच, धीरही थोडा पाठव.

तुझा,
अनुपम


नगर
६ जानेवारी २०२५

चि. अनुपम यास,
मावशीचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. तुझं मराठी बरं आहे रे. तुझ्या आईचं लग्न होऊन ती जबलपुराला गेली तेव्हा तिला हिंदीत साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पहिल्या नाताळाला ती बोलता येत नाही म्हणून नुसती ताटं घेऊन घरोघर गेली आणि हसून उभी राहिली. तिची ओळख तिथे करंजीनेच झाली.

आमच्या वडिलांनी शुभवर्तमानातल्या बहिणींची नावं आम्हाला ठेवली, मार्था राबणारी आणि मरिया बसून ऐकणारी. अक्का जन्मभर नावाला जागली. कोणी आजारी असलं की ताट, कुणाकडे मूल झालं की ताट, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं. मी मात्र ऐकणारी असून बहिरी झाले.

करंजीला भिऊ नकोस. आणि मला एवढंच कळव, तू बँकेत, प्रणोती शाळेत, अपूर्वा कॉलेजात गेली की दुपारी घरात कोण असतं?

नातीला माझा पापा. तुमच्यावर माया आहे, पाठवायला तिकीट लागत नाही.

मावशी


गोरखपूर, जबलपूर
१९ जानेवारी २०२५

ती. मावशीस सलाम. वि. वि.

दुपारी घरात बाबा असतात, दुसरं कोण? पण तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात जे झालं ते सांगतो, मग तूच ठरव.

गुरुवारी प्रणोतीची शाळा लवकर सुटली. ती मागच्या बाजूने आली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी थोडं सरकून बसायला सांगत होते. मध्ये थांबायचे, कुणी काही बोलल्यासारखे, मग हो म्हणायचे, मग आणखी थांबायचे. प्रणोती शपथ घेऊन सांगते की पोळपाटाशी बांगड्या वाजल्या. ती पुढच्या दाराने आत गेली तोवर बाबा बाहेरच्या खोलीत बायबल उघडून बसले होते, हात ओले. घरभर तळणाचा वास. स्वयंपाकघर स्वच्छ, फक्त जमिनीवर दोन पाट समोरासमोर मांडलेले आणि दोन्ही पाटांपुढे पीठ सांडलेलं. तिने विचारलं तर म्हणाले की काहून घाबरून राहिली पोरी, आपलंच घर आहे.

आणि ताटं अजून परत येऊन राहिली आहेत. बरगी धरणाकडे मंडळीतली एक म्हातारी आजारी आहे, तिच्या मुलानेही आईचं ताट आणून दिलं, वर मासे. आता संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबा सगळ्यांची नावं घेतात, आणि आईचं नाव जिवंत माणसांमध्ये घेतात. अपूर्वा माझ्याकडे पाहते, मी खाली पाहतो.

बाबांची लेक म्हणून वसुधालाही पुण्याला फोन केला. तिचं म्हणणं, बाबांचं डोकं फिरायच्या आत त्यांना तिच्याकडे न्यावं, डॉक्टरला दाखवावं. मग आम्ही विजय नगरला भाड्याचा फ्लॅट घेऊ आणि हे घर बंद करू. फेब्रुवारीचं तिकीट काढलं आहे. बाबांना सांगितलं तेव्हा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले की मग ती कुठे येईल? मावशी, मला भीती वाटते. त्यांची वाटते, घराची वाटते, आणि खरं सांगू, आईचीही वाटते, याची लाज वाटते.

मी चुकत असेन तर कान धर. तुझ्या मायेवरच चाललं आहे.

अनुपम


नगर
२७ जानेवारी २०२५

चि. अनुपम,
आशीर्वाद.

तिकीट रद्द कर. कारण सांगते, आणि ते सांगून अक्काला दिलेला शब्द मोडते. ती भेटेल तेव्हा तिची माफी मागेन.

मी मे महिन्यात तुमच्याकडे होते ना. तुम्ही सगळे कामावर गेलात की अक्का आणि दाजी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. मी म्हटलं, या वयात यांचं काय चाललंय? एक दिवस दार ढकललं. दोघं पाटांवर समोरासमोर बसलेली. साखरेने अक्काची नजर किती गेली होती हे तिने तुम्हाला कधी कळू दिलं नाही. ती बोटांनी चाचपून मुरड घालत होती आणि दाजी समोरून तिची बोटं बघून तसंच करत होते. तिला म्हणे पुढचं दिसत होतं. मी गेल्यावर ताटं थांबता कामा नयेत, हे तिने दाजींकडून कबूल करून घेतलं होतं.

आता तूच बघ, समोर बसून शिकलेल्या माणसाची मुरड कुठे वळणार? ती डावीकडून सुरू करायची, दाजींना ते उजवीकडून दिसायचं. मी पोट धरून हसले. म्हटलं, अक्का, यांना शेजारी बसवून नीट शिकव, सगळं उलटं करून ठेवतायत. तर ती म्हणाली की राहू दे, माझी कुठली आणि त्यांची कुठली ते ओळखता येईल.

फोरमनसाहेब करंज्या करतात हे पोरांना कळलं तर चिडवतील, म्हणून दाजींच्या सांगण्यावरून अक्काने माझ्याकडून शब्दच घेतला होता. ते खोटं बोलले नाहीत रे. हात त्यांचे, पण पाठवणारी तीच.

बांगड्यांचं मात्र मला सांगता येत नाही. मी बहिरी बाई, मला त्यातलं काय कळणार.

त्यांना त्या पाटांपासून तोडू नकोस. माझा लोभ हवा असेल तर एवढं ऐक.

मावशी


गोरखपूर, जबलपूर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस सलाम.

तिकीट रद्द केलं. वसुधा रागावली, मग तुझं पत्र फोनवर वाचून दाखवलं तर रडायलाच लागली.

बाबांना सांगितलं की आम्हाला कळलं आहे. कान लाल झाले त्यांचे. मरियाच्या पोटात काही राहत नाही म्हणाले, पण त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले. आता लपवाछपवी संपली. आज रविवारी चर्चहून आल्यावर मीही शिकायला बसलो. समोरचा पाट रिकामा होता, त्यावर बसायला गेलो तर बाबांनी हात धरला. म्हणाले की चलो, तू दुसरा पाट घे. मी तिसरा पाट घेतला.

मी पुऱ्या लाटल्या, प्रणोतीने तळल्या. सारण भरून मुरड घालणं मात्र बाबा कुणाला देत नाहीत. सगळ्या उलट्या, एकूण एक. मी मुद्दाम पाहत होतो. त्यातल्या तुझ्यासाठी डब्यात भरल्या आहेत, पार्सल उद्या निघेल. बाबांनी तुला दाजींचा सलाम सांगितला आहे, आणि जरा तोंड आवरायलाही.

भीती गेली, मावशी. आई असती तर म्हणाली असती की उगाच दोन महिने घाबरलास.

ममता अशीच राहू दे.

अनुपम


नगर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपम,
आशीर्वाद.

डबा पोचला. प्रवासात एकही फुटली नाही. शेजारपाजारी वाटल्या, दाजींचं नाव सांगून वाटल्या, आता चिडू देत मला. चव तीच. रोज चहाबरोबर एक अशा खात होते.

आज तळाशी हात घातला. शेवटची करंजी काढून ताटलीत ठेवली, चष्मा लावला, खिडकीशी नेली, पुन्हा पाहिली. माझे कान गेलेत, डोळे नाही गेले. या करंजीची मुरड डावीकडून उजवीकडे जाते.

मी ती खाल्ली नाही. पुसून स्वच्छ ताटलीत ठेवली आहे आणि हे पत्र लिहिते आहे. घाबरू नकोस, मीही घाबरले नाही. थोडी घाबरले.

तू, प्रणोती, अपूर्वा सांभाळून राहा, आणि तो पाट कधी उचलू नका. माझी माया तुम्हा सगळ्यांवर, तिथे बसणाऱ्या प्रत्येकावर.

दाजींना माझा सलाम सांग. आणि म्हणावं, अक्काची कुठली ते ओळखता आलं.

तुझी,
मरिया मावशी