कडी माझ्याकडे होती

तळोजा, ६ फेब्रुवारी १९९४

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरा आहे, आधी हे वाच. बुधवारी दुसऱ्या युनियनचे गुंड सळया घेऊन कंपनीच्या गेटवर आले. मी आमच्या पोरांना कामं वाटली. जगन्नाथ पैलवान, त्याला पुढे ठेवलं. त्याने दोघांना आडवं केलं, मग त्याचं डोकं फुटलं. धर्मा वाऱ्यासारखा पळतो, त्याला पोलिसांकडे पिटाळलं. गेटची कडी मी धरली. तूच म्हणायचीस ना, हा धरलेलं सोडत नाही? गजांमधून बोटांवर सळया बसत होत्या, पण हरामखोरांना आत येऊ दिलं नाही.

बाबांचा खोकला कसा आहे?

अक्षर बघून घाबरू नकोस. आमच्यात कल्पेशचं अक्षर सगळ्यात सुंदर, म्हणून लिहायचं काम त्याला दिलंय.

तुझा हट्टी,
सदानंद