नव्या विद्यार्थ्यांना माझं मार्गदर्शन

२ ऑगस्ट
परदेशातलं वर्ष संपत आलं. अठरा दिवस उरले. मागे वळून पाहिलं की समाधानच समाधान. विभागाला 'वर्षभरात मी काय शिकलो' यावर दोन हजार शब्द द्यायचेत. शीर्षक लिहून झालं. बाकी उद्या.

३ ऑगस्ट
रूममेटने विचारलं, नक्की कधी निघणार? या आठवड्यात तिसऱ्यांदा. बिचाऱ्याला विरह आत्तापासूनच जाणवतोय.

५ ऑगस्ट, सकाळी ११
धाकट्या बहिणीचा मेसेज. दादा, तुझ्या कोर्सबद्दल विचारायचंय. स्पष्ट लिहिलं, तुला झेपणार नाही, इथे माझ्यासारख्याच्या नाकी नऊ येतात. बाबांनाही फोन करून बजावलं, पोरीच्या डोक्यात भलतं खूळ शिरू देऊ नका. बाबा नुसतं 'हं' म्हणाले. मोठ्या भावाचं कर्तव्य केलं. हलकं वाटलं. परत झोपलो.

६ ऑगस्ट
गाइड मॅडमनी बोलावलं. दोन पेपर राहिले, प्रबंध दिलाच नाही, तेव्हा पदवी मिळणार नाही म्हणाल्या. मी समजूतदारपणे मान हलवली. पदवी म्हणजे शेवटी कागद. आईने सगळ्या सोसायटीत सांगून ठेवलंय. तिच्या आनंदावर विरजण घालणारा मी कोण? घरी कळवायचं नाही, हे ठरलं.

९ ऑगस्ट
मॅडमची मेल! पुढच्या महिन्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांशी व्हिडिओवर बोलाल का? विषय 'टाळता येण्यासारख्या चुका'. सत्तर जणांतून मलाच विचारलं. मॅडमना माझ्याबद्दल आदर होताच, दाखवत नव्हत्या इतकंच.
निबंध उद्या नक्की.

११ ऑगस्ट
नवा भाडेकरू पलंग मोजायला आला. मी पलंगावरच होतो. उठू नका म्हणाला आणि टेप माझ्या पोटावरून नेली. रूममेट त्याला सांगत होता, आता भांडी घासायचे वार ठरवू आणि पाळू. 'पाळू'वर उगाच जोर दिला. उच्चाराचा दोष असेल.

१४ ऑगस्ट, दुपार
भाषण झालं. मॅडमनी ओळख करून दिली, यांनी प्रबंध दिला नाही, पदवी पूर्ण झाली नाही, म्हणून यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. ओळख जरा त्रोटक वाटली, म्हणून मी भर घातली. पहाटे पाचला लायब्ररीत जायचो, प्रबंधावर मॅडमनी पाठ थोपटली वगैरे. मॅडम म्यूट होत्या. कपाळाला हात लावून बसल्या होत्या. डोकं दुखत असावं.

मग प्रश्न. स्क्रीनवरच्या एका चौकोनात ओळखीचा ओटा दिसला. आमचा. पुढ्यात धाकटी. चुकून लिंक उघडली असेल म्हणून मी तिला डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, ही यंदाच्या निवड यादीत पहिली.

धाकटी म्हणाली, "सर, एखाद्याने प्रबंध दिलाच नाही, तर विद्यापीठ घरी कळवतं का?"

मला सर म्हणाली.

मॅडमनी उत्तर दिलं, नाही, ते विद्यार्थ्यानेच सांगायचं असतं. धाकटीच्या मागे आई उभी होती, हातात उलथनं. काय म्हणाल्या गं, असं तिने विचारलं. धाकटीने मराठीत सांगितलं. पहिल्यापासून सगळं. बाकीचे सगळे चौकोन ऐकत होते. नेट गेलं असं लिहून मी बाहेर पडलो. नेट उत्तम होतं.

२१ ऑगस्ट, घरी
विमानतळावर कुणी आलं नव्हतं. कामात असतील. कुणी रागावलं तर काय बोलायचं हे प्रवासभर घोकलं होतं. कुणी रागावलंच नाही. आईने वाढलं, पानाकडे बघत. माझ्याकडे नाही.

हॉलमध्ये धाकटीची बॅग उघडी होती. शेवटी अनुभवी माणूस मीच, म्हणून कपड्यांच्या घड्या घालायला बसलो. तिथल्या थंडीबद्दल दोन शब्द सांगावेत म्हणून तोंड उघडलं. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, "घड्या घाल. तिला शिकवू नकोस काही."

घड्या घातल्या. मी उठल्यावर धाकटीने त्या मोडून पुन्हा घातल्या.