घासू नकोस, आई

आइसलँड, रविवार

माझ्या आईस, तुझ्या ओडिलचे दोन्ही गालांवर मुके.

जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या वीजघरातलं शिक्षण नीट चाललंय. थंडी बोचते, पण इथल्या वाफेला आपल्या बेटासारखाच सडक्या अंड्यांचा वास, म्हणून परकं वाटत नाही. जेवण मात्र मिळमिळीत. तुझं अळू-खेकड्याचं कालवण आठवतं. खोकला कसा आहे? खरं सांग.

तू लिहिलंस, गावाजवळ विजेसाठी वाफेची नवी विहीर सुरू झाल्यापासून तुझा चांदीचा क्रूस आठवड्यात काळा पडतो, आणि वीज कंपनीचा साहेब म्हणतो, "म्हातारे, चुलीचा धूर असेल." चुलीचा धूर! पन्नास वर्षं तुझी चूल पेटतेय, तरी नाताळात घासलेला क्रूस ईस्टरपर्यंत चकाकायचा!

चांदी काळी करतो तो वाफेतला वायू. इथे तो मोजायला वस्तीत यंत्रं लावलीत. वीज आपल्याला हवीच, पण तुझ्या छातीच्या मोलानं नको. मी परत येऊन कंपनीकडून यंत्र लावून घेईनच.

तोवर एक कर. जन्मभर तू मला क्रूस घासायला लावलास, आता हात लावू नकोस. येत्या रविवारी तसाच काळाकुट्ट घालून चर्चला जा आणि साहेबाच्या शेजारी बस. त्यानं बघितलं की सांग, "आमच्या घरचं यंत्र हेच."

तुझीच हट्टी,
ओडिल