कामास कायमचा अपात्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठावन्न, पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातला एकेकाळचा प्रेस कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. शरीराबद्दलचे पत्र वेगळे आहे आणि ते सतरा वर्षे जुने आहे. हृदय किती दिवस साथ देईल ते डॉक्टर सांगत नाहीत, म्हणजे फार दिवस नसावेत.

मी लग्न केले नाही. त्याची कारणे या दस्तात येत नाहीत. मला एक बहीण आहे. घरात तिला सगळे धाकटी म्हणत आले, इथेही तसेच लिहितो.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, धाकटीला द्यावे. पुढचे दार जरा वर उचलून लोटावे लागते. सुताराला बोलावू नये, तो दार आणखी बिघडवतो. बँकेत जे उरेल तेही तिचेच.

२. माझी पत्र्याची कात्री, लाकडी हातोडा आणि छोटी ऐरण कारखान्याशेजारच्या, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या मिस्त्रींना द्यावी. कात्री डाव्या हाताची आहे हे त्यांना आधी सांगावे, नाहीतर मला शिव्या देतील.

३. चुलतभावाला काही नाही. नऊ वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेली माझी शिडी त्याच्याकडे आहे. ती त्याचा वाटा समजावी.

४. हे कलम लांबणार आहे. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी म्हणालो, मला दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही.

सतरा वर्षांपूर्वी वैद्यकीय मंडळासमोर आमच्या कारखान्यातले पाच जण एका बाकावर बसलो होतो. माझ्या पाठीवर पत्र्यांचा गठ्ठा पडला होता, इतरांचे दुखणे आपापले. पाचही जणांना एकाच मजकुराचा दाखला मिळाला, ‘कामास कायमचा अपात्र’, आणि अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली. घरी पोहोचेपर्यंत त्यातला ‘कामास’ हा शब्द आमच्या डोक्यातून गळून गेला. राहिले ते ‘कायमचा अपात्र’.

मग आम्ही सगळ्यांनी एकच चूक केली. आपण बरे दिसलो तर पेन्शन बंद होईल, असे धरून चाललो. एकाने पाठीचे व्यायाम सोडले, कारण डॉक्टर कागदावर ‘सुधारणा’ लिहील. एकाने रस्त्यावर पिशवी उचलणे सोडले. मी गरज नसताना दोन वर्षे काठी टेकत हिंडलो, आणि सोंग करता करता पाठ खरोखरच धरली. त्या बाकावरचे चौघे गेले. पंचावन्नी कोणीच पाहिली नाही. ज्या दुखण्यासाठी पेन्शन मिळाली, त्या दुखण्याने एकही गेला नाही.

हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “अशी पेन्शन घेणारे लोक त्याच वयाच्या कामावर जाणाऱ्यांपेक्षा लवकर दगावतात, असं दिसतं. मूळ आजार असतोच. पण बसून राहणं, एकटं पडणं आणि दवाखान्यात न येणं, हेही आहे.”

धाकटी त्याच कारखान्यात झाकणे बसवायची. तिच्या बोटांचे सांधे गेले. यंदा मार्चमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिलाही तोच दाखला मिळाला. तेव्हापासून ती उंबरा ओलांडत नाही. “दादा, समोरची बघत असते. उद्या तिने कळवलं तर?” पावले सुजली आहेत, तरी दाखवत नाही. मी पेन्शनच्या खिडकीवर जाऊन विचारून आलो. तिथले कारकून म्हणाले, “चाला, फिरा, औषध घ्या. निनावी तक्रारअर्ज आम्ही वाचतसुद्धा नाही.” धाकटी म्हणाली, “तोंडावर तसंच म्हणणार ते.” माझ्यामागे ती त्या दोन खोल्यांत बसून मरेल, ही मला खरी भीती आहे. घर देताना तिला मी थडगे देतोय की काय, असे वाटते.

५. आता जे लिहितो ते कोणालाच सांगितलेले नाही. आमच्या पाचांतल्या एकाला आम्ही घंटी म्हणायचो. डाव्या हाताची तीन बोटे प्रेसमध्ये गेली, तरी एका हाताने सायकल चालवायचा आणि रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवायचा. एकदा पेन्शनच्या दिवशी बँकेच्या रांगेत मी काठीवर वाकून उभा होतो आणि हा सायकलवरून आला, ताजातवाना. माझा जळफळाट झाला. मी म्हणालो, “घंटी, जपून रे. तुझ्यावर कुणीतरी अर्ज केलाय म्हणे.”

अर्ज कोणीच केला नव्हता. तो हसला, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याची सायकल दिसली नाही. थट्टा होती हे सांगायला मी तीनदा त्याच्या घराच्या जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. चार वर्षे तो मागच्या खोलीत बसून राहिला. शेवटी छातीत दुखत होते तेही दडवले, आणि गेला. धाकटीने नीट वाचावे. ज्या अर्जाला ती घाबरते, तसाच एक अर्ज माझ्या तोंडून निघाला होता.

६. घंटीच्या पत्नीस, म्हणजे वहिनींस, माझ्या आईचे शिलाई मशीन द्यावे. कलम पाचची प्रत धाकटीने स्वतः चालत नेऊन त्यांच्या हातात द्यावी.

७. हे कलम चार दिवसांनी जोडले आहे. सहा पुन्हा वाचले आणि लाज वाटली. मेल्यावर सांगायचे, तेही बहिणीच्या तोंडून. मंगळवारी मी स्वतः निघालो. तीन मजले एकट्याने चढवत नाहीत, म्हणून धाकटीला यावेच लागले. तोंडाला ओढणी गुंडाळून आली. जिन्यात आम्ही चारदा बसलो. वहिनींनी पाणी दिले आणि मी सगळे सांगून टाकले.

“माहीत आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्यांनाही माहीत होतं. त्याच दिवशी घरी येऊन हसले, तुमच्याबद्दल म्हणाले, याला जळजळ झाली. पण सायकल काढली नाही. म्हणाले, आज याला सुचलं, उद्या आणखी कुणाला सुचेल.”

 

मग त्या धाकटीकडे वळल्या. “तुझ्यावर कुणी अर्ज केलाय का गं?”

“नाही.”

“मग कुणाची वाट बघत बसलीयेस?”

मशीन त्यांनी नाकारले. वकील सांगतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून वहिनी म्हणाल्या, “मला काही देऊ नका. सही करते.” त्यामुळे कलम सहा रद्द समजावे. मशीन धाकटीकडे राहील.

जिना उतरून आम्ही घराकडे निघालो. धाकटी दवाखान्याच्या वळणावर थांबली. म्हणाली, “तू हो पुढे, दादा. मी पाय दाखवून येते.” मी पुढे झालो नाही. समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो, आणि ती बाहेर येईपर्यंत दोन तास लागले तरी उठलो नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकाच्या ओट्याजवळचे टेबल
दिनांक: १९ नोव्हेंबर, दुपारी

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे
(सही) माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: घंटीची पत्नी
(सही) वाचले. खरे आहे. ते गेले तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षे, अकरा महिने आणि एकवीस दिवस होते. वर ते लिहायचे राहिले आहे, म्हणून मी लिहिते.