आईची तहान

३ एप्रिल ७८, सोम.
गायकवाडबाई आज शेवटच्या येऊन गेल्या. लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला चालल्या, दोन महिने तरी नाहीत. आईला लकवा झाला तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या चार बायकांनी सकाळची पाळी लावून घेतली होती. आंघोळ, लघवीचं भांडं, अंथरूण. एकेक करत गळाल्या. बोल लावत नाही, त्यांनाही घरं आहेत. बायकोची, सुशीलाची, पुण्याच्या दवाखान्यात सकाळची ड्यूटी, ती चारला परत. माझी सेकंड शिफ्ट. म्हणजे सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत घरात मी आणि आई. मधला एक तास खाली घरमालकीण सोनाबाई लक्ष ठेवते.
उद्यापासून माझ्यावर. पुढचं लिहवत नाही.

४ एप्रिल, मंगळ.
आईने हात लावू दिला नाही. उजवी बाजू निकामी, पण डाव्या हाताने चादर अशी धरली की सोडवता येईना. तोंड वाकडं झालंय, शब्द मात्र कळतात. सुशीला आल्यावर बघू, तू बाहेर जा, म्हणाली. गेलो. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आईला उघडी बघायची या विचारानेच रात्रभर डोळा नव्हता. बाहेर ओट्यावर बसून पेपर वाचला, दोनदा तेच पान.

७ एप्रिल, शुक्र.
सु. म्हणाली, आईचं अंथरूण हल्ली चारपर्यंत कोरडं असतं. मी उशाशी तांब्या भरून ठेवतो, तोही रिकामा होतो. म्हणजे सगळं ठीक. म्हटलं, प्रभूने वाट काढली.
कंपनीत आज तपासणीत मी अख्खी बॅच रिजेक्ट केली, सुपरवायझर अंगावर आला. भांडायचीही ताकद नव्हती. मापाचा गेज हातात धरून उभ्या उभ्या डुलकी लागली.

९ एप्रिल, रवि.
उपासना. पाळकसाहेब म्हणाले, प्रीती ही हातांनी करायची गोष्ट आहे. आणि उदाहरण म्हणून माझं नाव घेतलं. आईची सेवा करणारा मुलगा. सगळे वळून बघायला लागले. मी गीतपुस्तकात डोकं घातलं. हातांनी मी काय केलंय? तांब्या भरलाय. सु. शेजारीच होती, तिने मात्र बघितलं नाही. तेच जास्त लागलं.

११ एप्रिल, मंगळ.
दहाच्या सुमाराला सोनाबाई तरातरा जिना चढून वर. आमच्या खिडकीखाली त्यांच्या अंगणात कुरडया वाळत घातल्यात.
"रोज वरून पानी पडतंय. दोनदा गप बसले. आज समद्या कुरडया भिजल्या. मानसं हायसा का कोन?"
मी म्हटलं, आमच्याकडून कोण टाकणार? घरात मी, आणि आई तर अंथरुणाला खिळलेली. म्हणता म्हणता नजर खिडकीकडे गेली. खिडकीला लागून खाट. तांब्या रिकामा. आईने डोळे मिटलेले, पण झोपलेली नव्हती.
माझ्या आधी सोनाबाईला कळलं. भांडण तिथंच टाकून तिने आईच्या मनगटाची कातडी चिमटीत धरली. "हे बघा. कशी उभी ऱ्हातीय. अंगात पानीच न्हाई." मग खाली गेली.

तेच, दुपारी.
ओरडलो. आईवर इतका कधीच ओरडलो नव्हतो. मरायचंय का, म्हटलं. पाणी प्यायलं तर लघवी होणार, आणि चारच्या आत झाली तर मी करणार, म्हणून पाणी खिडकीबाहेर.
"तुझ्या हातानं नको."
चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया होतीस, परक्या लोकांची घाण काढलीस, मग?
"ते रोगी होते. तू माझा लेक आहेस."
तांब्या भरून आणला.

१२ एप्रिल, बुध.
रजा. डॉक्टर घरी आले. पायांवर सूज, मूत्रपिंडावर ताण आलाय. पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर भरती करा. मूत्रपिंडाचं किती बिघडलंय ते सोमवारी सांगतील.
सु. जिन्यात बसून रडली. मी नर्स, आणि मला कळलं नाही, म्हणते. नोकरी सोडते म्हणाली. मी नको म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.
येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र नको म्हणाला, हे चर्चमध्ये दर वर्षी ऐकतो. मला तो हटवादी वाटायचा. धुणाऱ्यापेक्षा पाय पुढे करणाऱ्याचं अवघड असावं.

१३ एप्रिल, गुरु.
आज केलं. तिला विचारलं नाही. गरम पाणी, दोन फडकी, दार लावलं. आई म्हटलं, मला लेक समजू नकोस, नवीन लागलेली आया समज.
भिंतीकडे तोंड करून होती. कुशीवर वळवायला मी तिला खांद्याला धरून ओढलं. भिंतीकडे बघतच म्हणाली,
"असं नाही. आधी गुडघा दुमड. मग कंबरेला हात."
तसं केलं. सहज वळली. मग एकेक सूचना. फडकं पिळून घे. पुढून मागे, उलट नाही. चादर निम्मी गुंडाळून पाठीखाली सरकव. चुकलो की जिभेने च्यक् करायची. दवाखान्यात पोरींना शिकवताना असंच करत असणार. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर म्हणाली, काम चालू असताना रडायचं नसतं, पेशंट घाबरतो.
अर्धा तास लागला. कंबर मोडली. पाणी मात्र दोनच घोट, तेही मी चमच्याने पाजलं म्हणून.

१५ एप्रिल, शनि.
सूज तशीच. भूक नाही. सु.ने राजीनामा लिहून ठेवलाय, द्यायचा की नाही ते सोमवारनंतर. मी थकलोय, आणि सुटका हवीशीही वाटते. असं वाटतं हेही खरं.
अकराला आईने स्वतःहून पाणी मागितलं. सुशीला यायला पाच तास होते, हे तिला माहीत. मी पेला धरला. अर्धा प्यायली, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि उरलेला संपवला.
दीडच्या सुमाराला मी मोरीत चादर धूत होतो. आईने भांड्यासाठी हाक मारली. सुशीलाची वाट न बघता, मला.