बाशिंगाखालची सावली

अप्पा, तुमचा जुना फ्लॅश मी मागच्या आठवड्यात एका लग्नात नेला होता, आणि त्यानं माझी इज्जत घालवली. हे आईला सांगता येत नाही. ती आधी विचारणार जेवलास का, आणि लगेच विचारणार कॉलेजात परत कधी जायलास. म्हणून तुम्हाला लिहितोय. दुकान तसंच आहे, भालकीच्या स्टँडसमोर. पासपोर्ट फोटोचा निळा पडदा तेवढा बदललाय. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो, आणि तुमचा फ्लॅश मी तेव्हापासून कुणाला हात लावू दिला नाही. सेल घातले की अजून शीळ घालत चार्ज होतो. ती शीळ ऐकली की मला वाटतं तुम्ही आत पडद्यामागं आहात आणि कुणाला तरी म्हणताय, "हनुवटी जरा खाली."

कलबुर्गीचं इंजिनिअरिंग मी मधेच सोडलं. एका सरांशी वाद झाला, वर्गातून निघालो तो थेट गाडीतच बसलो. नंतर कोळारला एका गोदामात माल चढवला-उतरवला आणि त्या पगारातून कॅमेरा घेतला, नवे तीन फ्लॅश घेतले. कॉलेजातलं एकच सुटलं नाही. दुबलगुंडी गावची एक पोरगी, माझ्याच गाडीला असायची. तिला कुणी काही बोललं म्हणून मी हुमनाबादच्या स्टँडवर एका पोराची कॉलर धरली होती, तर ती माझ्याशीच बोलायची बंद झाली. पुढं बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी भांडलास का तुझ्यासाठी?" तिच्या भावाचं लग्न ठरलं आणि फोटोचं काम तिनंच मला मिळवून दिलं. तिच्या वडिलांची जमीन आहे, ऊस आहे. आपल्या आज्यानं मेंढरं राखली. तिचे वडील मला नावानं हाक मारत नाहीत, "ए फोटोवाला" म्हणतात. त्या लग्नात मला त्यांना काहीतरी दाखवून द्यायचं होतं.

लग्न दुपारचं. नवरदेव मारोतीच्या दर्शनाला निघतो तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर. कपाळाला बाशिंग, त्याची सावली पार हनुवटीपर्यंत. चेहराच नाही, नुसतं बाशिंग! तुम्ही अशा वेळी माणसांना लिंबाखाली न्यायचात. मला देवळासमोर, उन्हातच फोटो पाहिजे होता, आणि मागचा पाण्याचा टँकर, मोटरसायकली सगळं पुसट करायचं होतं. त्यासाठी लेन्स पूर्ण उघडायची आणि शटर फार वेगात पळवायचं. तुमच्या काळात हे जमत नव्हतं. इतक्या वेगात शटर पूर्ण उघडतच नाही, नुसती एक फट फोटोवरून सरकत जाते. नवे फ्लॅश एकदाच कडाडण्याऐवजी ती फट सरकेपर्यंत बारीक बारीक लुकलुकत राहतात. उजेड सगळीकडं पडतो, पण त्याची ताकद वाटली जाते. उन्हापुढं एक फ्लॅश म्हणजे काडेपेटी. म्हणून मी तिन्ही फ्लॅश सायकलच्या ट्यूबनं एका काठीला बांधले, पुढं पांढरी छत्री लावली. आणि मग, अप्पा, चौथा तुमचा बांधला. दुसऱ्याचा उजेड दिसला की पेटणारा डोळा त्याला आहेच. मला वाटलं, तेवढीच ताकद वाढेल. खरं तर मला वाटलं, तुम्ही पण असावं.

मी कॅमेरा उभा धरला. नवरदेव मधे, आणि कडेला हातात पाण्याचा करा घेतलेली करवली, म्हणजे तीच. क्लिक केलं. नवरदेवाचा मामा माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावला आणि जो हसत सुटला! तीन फ्लॅशचा उजेड लांबून, छत्रीतून गाळून गेलेला. बाशिंगाखाली काळोख तसाच. तुमचा मात्र एकदाच, सगळी ताकद लावून कडाडला होता. फट त्या वेळी फोटोच्या कडेवर होती, म्हणून कडेचा तेवढा पट्टा लखलखीत. त्या पट्ट्यात ती. नाकातली मोरणीसुद्धा चमकलेली.

"भाच्या, लगीन तुझं हाय का तुझ्या बहिणीचं?" मामा ओरडला. नवरदेव म्हणाला, "दाखव की." बघून त्याचं तोंड उतरलं. तिचे वडील आले, त्यांनीही बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कामून असा काढायलास रे? तुला नवरदेव दिसंना व्हय?"

माझं डोकं सणकलं. काठी टाकून निघून जावं, असं मनात आलं होतं. मी आवाज चढवून "ऊन लई हाय, मी काय करू" म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्याकडं नजर गेली. ती मान हलवत नव्हती, पण डोळ्यांनी नको म्हणत होती.

मी लहान असताना दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ओरडून शिव्या घातल्या होत्या, आठवतं? तुम्ही मारलं नाही. म्हणालात, "लांबून बोंबलायलास कामून? त्याच्याजवळ जा आणि बोल." तुमचं फोटोतही तेच. बाया म्हणायच्या, "आता अजून पुढं आलास तर मांडीवरच बसशील की!" आणि तुम्ही अजून एक पाऊल पुढं. मी उन्हात उभा राहून हिशेब केला : फ्लॅश दुप्पट केले तर उजेड दुप्पट. अंतर निम्मं केलं तर चौपट, तेही फुकटात.

तुमचा फ्लॅश सोडून खिशात घातला. छत्री काढली. काठी मामाच्याच हातात दिली आणि त्यांना नवरदेवाच्या पार अंगावर नेलं. "मामा, म्हशीला हाकल्यासारखी नको, जरा वर धरा." सगळे हसले, नवरदेवही हसला, आणि तेवढ्यात काढला. बाशिंगाखाली डोळे दिसले, अप्पा. तिच्या वडिलांनी कॅमेरा हातात घेऊन स्क्रीन नीट बघितली. पंगतीत त्यांनी मला स्वतः वाढलं.

निघताना ती करा ठेवून आली. "तो पहिला फोटो पुसलास?"

"न्हाई."

"पुसू नको." मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "उदगीरचे लोक बघायला येणारेत मला. तुला आमच्या घरी बोलायचं असलं तर ये. पण स्टँडवर वरडल्यासारखं नको. बसून बोल."

अल्बम तयार आहे. तो द्यायला, आणि तिच्या वडिलांशी बसून बोलायला, आज जायचं ठरवून सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला, आईनं विचारलंही नाही कुठं चाललास. पण आधी तुम्हाला लिहावं म्हणून बसलो. हा कागद घडी करून तुमच्या फ्लॅशच्या पाकिटात ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकू? हे लिहिता लिहिता समोरून हुमनाबादच्या, म्हणजे तिच्या गावाकडच्या, दोन गाड्या गेल्या, अप्पा. भांडायला जायचं असतं तर पहिलीच धरली असती.